वाईट जागेवरचा डाव

'सिव्हिलायझेशन ६' ज्यांनी खेळलाय, त्यांना त्याचे पहिले दहा सेकंद चांगले ठाऊक असतात. इसवी सनपूर्व ४००० साल. हाताशी वसाहत करणारी एक टोळी आणि एक योद्धा. भोवताली काळोख. तो जरा सरकतो आणि आपल्या वाट्याला काय आलंय ते कळतं. कधी दोन बाजूंना नदी, मागे डोंगर, पुढ्यात गहू. कधी नुसतं ओसाड माळरान, खारं पाणी आणि चार घरं सोडून बसलेला दांडगा शेजारी. असं काही दिसलं की बरेच जण मेनू उघडून रीस्टार्ट दाबतात. नवा नकाशा येतो. तोही आवडला नाही तर आणखी एक.

त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. या गेममध्ये सुरुवातीच्या जागेला फार किंमत आहे, आणि तिचा हिशोब उघड मांडलेला आहे. शहर नदीकाठी किंवा तळ्याकाठी वसवलं तर घरांचा आकडा ५ पासून सुरू होतो. फक्त समुद्राकाठी वसवलं तर ३. पाणीच नसेल तर २. लोकसंख्या या आकड्याजवळ गेली की वाढ मंदावते, म्हणजे पिकं कमी, कामं कमी, सैन्य कमी. गोड्या पाण्याचा हा फरक शंभर चालींनंतरही पाठ सोडत नाही.

मी मरोळला राहते आणि हा गेम फोनवर खेळते. जागा कितीही वाईट असली तरी रीस्टार्ट करायचं नाही, हा माझा नियम. तो पाळताना अनेकदा हाल होतात. पण त्या हालांमुळेच एकदा लक्षात आलं, की ज्या शहराच्या कडेला मी राहते ते शहरही असल्याच एका वाईट जागेवर सुरू झालं होतं. सात बेटांची गोष्ट आपण शाळेत शिकतो, पण ती विजयाची गोष्ट म्हणून. चिमुकली बेटं होती, मग भराव पडला, मग महानगर झालं. ही गोष्ट एका खेळाडूच्या नजरेनं, चाल मोजत वाचली तर वेगळी दिसते. आणि खाडीच्या अलीकडून, म्हणजे अंधेरी-कुर्ल्याच्या बाजूनं वाचली तर आणखीच वेगळी.

आधी पटावर काय होतं ते पाहू.

२३ जून १६६१ रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार झाला. त्यात मुंबईचं बंदर आणि बेट इंग्लंडला देण्याचं कलम होतं. पुढच्या वर्षी इंग्रजांची गलबतं ताबा घ्यायला आली, तेव्हा पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी हात वर केले. वाद मुख्यतः एका प्रश्नावर अडला: मुंबई म्हणजे नेमकं काय? इंग्रजांचं म्हणणं, तिच्यासोबत ठाणे आणि साष्टीही आली. पोर्तुगीजांचं म्हणणं, फक्त ते एक बेट. ताब्यासाठी आलेला अब्राहम शिपमन आपले सुमारे चारशे सैनिक घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत बसला. तिथे रोगराईनं बहुतेक सैनिक गेले आणि १६६४ मध्ये तोही गेला. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी त्याच्या जागी आलेल्या हम्फ्री कुकनं मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा शंभराच्या आसपासच माणसं शिल्लक होती. साष्टी मिळालीच नाही. डाव सुरू व्हायच्या आधीच तीन चतुर्थांश सैन्य पटावरून उठलं होतं.

आणि हाती आलं ते काय? भरतीला मधल्या खाजणात पाणी शिरून तुकडे होणारी जमीन. विहिरी आणि तळी होती, पण बारमाही नदी नाही. नारळी होत्या आणि त्यांना कुजलेल्या मासळीचं खत घातलं जाई. तिच्या वासानंच हवा बिघडते अशी इंग्रजांची समजूत. माणसं मरत होती हे मात्र खरं. मुंबईत गोऱ्या माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी म्हणच त्यांच्यात पडली. बेटावर वस्ती सुमारे दहा हजारांची असावी असा अंदाज सांगितला जातो. भात बाहेरून यायचा. मालाच्या होड्या मुख्य भूमीकडे न्यायच्या तर ठाणे आणि करंजा इथे पोर्तुगीजांची नाकी, आणि तिथे जकात.

या डावात रीस्टार्ट दाबलं ते खुद्द राजानं. तीन वर्षांत त्याला कळलं की हे बेट कमावत कमी आणि खातं जास्त. २७ मार्च १६६८ च्या सनदेनं त्यानं ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, वर्षाला दहा पौंड भाड्यानं. आज अंधेरीत तेवढ्या पैशांत दोन माणसांचं जेवणही धड होणार नाही.

इथे एक गोष्ट मात्र बोलायला हवी. 'वाईट जागा' हे कोणाच्या दृष्टीनं? मुंबईत कोळी शतकानुशतकं राहत होते. त्यांना खाडी हवी होती, मासळी हवी होती, होड्या ओढून ठेवायला किनारा हवा होता, आणि ते सगळं तिथे होतं. भंडारी माडांवर जगत होते. त्यांच्यासाठी ती जागा मुळीच वाईट नव्हती. गेममध्येही तसंच असतं. माळरान वाईट ठरतं ते आपल्याला तिथे साम्राज्य उभं करायचं असतं म्हणून. जागेची किंमत ध्येयावरून ठरते, आणि ध्येय खेळाडू स्वतः सोबत घेऊन येतो.

आता शेजाऱ्याची जागा पाहा. माहीमच्या खाडीपलीकडे, वांद्रे-कुर्ल्यापासून थेट वसईच्या खाडीपर्यंत पसरलेलं मोठं बेट म्हणजे साष्टी. सहासष्ट गावांचं, म्हणून षट्षष्टी आणि त्यावरून साष्टी, अशी त्या नावाची फोड सांगतात. आज आपण ज्याला उपनगर म्हणतो ते जवळजवळ सगळं यात येतं: अंधेरी, मालाड, बोरिवली, घाटकोपर, भांडुप, मुलुंड. भातशेती, मिठागरं, ताडामाडाच्या वाड्या, मधोमध डोंगर आणि जंगल. १५३४ च्या तहानं गुजरातच्या सुलतान बहादुरशहानं वसईसह हा सगळा मुलूख पोर्तुगीजांना दिला होता.

इथे पाणीही होतं, आणि ते साठवायची अक्कल फार जुनी होती. बोरिवलीच्या कान्हेरीला गेलात तर शंभरावर लेणी आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी कातळात खोदलेली पाण्याची पोढी. वरून येणारं पावसाचं पाणी कोरलेल्या पन्हळीतून त्यांत उतरतं. कल्याण, सोपारा, नाशिक इथल्या दात्यांनी दिलेल्या दानांचे लेख तिथल्या भिंतींवर आहेत. म्हणजे मुंबई जेव्हा कोणाच्या नकाशावर मोठ्या अक्षरांत नव्हती, तेव्हा बोरिवलीच्या डोंगरात व्यापाऱ्यांच्या पैशातून पाण्याची सोय झालेली होती. गेमच्या भाषेत, ५ चा आकडा साष्टीकडे होता. मुंबईकडे ३ चा.

तरीही पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. प्रश्न एवढाच की कसं झालं.

वाईट जागा मिळालेल्या खेळाडूनं पहिली गोष्ट करायची ती म्हणजे आपल्याकडे नाही त्याचं रडगाणं सोडून, आहे ते एक मोजायचं. मुंबईकडे होतं ते बंदर. खोल पाणी आणि वाऱ्यापासून आडोसा. बाकी सगळं आणावं लागणार होतं आणि त्यात सर्वांत आधी माणसं. १६६९ ते १६७७ या काळात सुरतेचा प्रेसिडेंट आणि मुंबईचा गव्हर्नर असलेल्या जेराल्ड ऑन्जियरनं हेच ओळखलं. १६७२ मध्ये त्यानं न्यायालय सुरू केलं. टांकसाळ काढली. भंडाऱ्यांची शिबंदी उभी केली. आणि बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्यांना शब्द दिला की तुमच्या धर्मात कोणी ढवळाढवळ करणार नाही. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दीवचा नीमा पारख हा बनिया व्यापारी १६७७ मध्ये अशाच अटी मागून मुंबईत आला. त्याच्या मागण्यांत पैशापेक्षा मोठी गोष्ट होती ती आपल्या घराजवळ कोणी जनावर मारू नये, आपली प्रेतं आपल्या पद्धतीनं जाळता यावीत, कोणाला बळजबरीनं ख्रिस्ती करू नये, अशा प्रकारची.

यामागे उदारमतवाद होता असं समजायची गरज नाही. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला माणसं जपावी लागतात. ज्याच्याकडे सहासष्ट गावं आहेत त्याला तशी निकड वाटत नाही. पोर्तुगीजांच्या चांगल्या जागेनंच त्यांना ही सवय लागू दिली नाही. पुढे १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया जहाजं बांधायला मुंबईत आले आणि १७५० मध्ये इथे कोरडी गोदी झाली. बंदर होतंच. ते कसं वापरायचं हे ठाऊक असलेली माणसं आली, ती अशी एकेक करून.

पण ही सरळ चढती कमान नाही, आणि मला या इतिहासात सगळ्यात जास्त रस आहे तो त्यातल्या खड्ड्यांमध्ये. १६८७ मध्ये कंपनीनं आपलं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं. त्याच सुमारास सर जोसाया चाइल्ड आणि सर जॉन चाइल्ड यांच्या धोरणातून कंपनीनं थेट औरंगजेबाशी लढाई ओढवून घेतली. शंभरेक चालींच्या राज्यानं पटावरच्या सर्वांत मोठ्या राज्याला डिवचावं तसं. १६८९ च्या फेब्रुवारीत मुघलांच्या वतीनं जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान शिवडीला उतरला. माझगाव गेलं, माहीम गेलं. इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले आणि हा वेढा वर्षभराहून जास्त चालला. शेवटी कंपनीचे वकील औरंगजेबासमोर गेले, माफी मागितली, दीड लाख रुपये दंड कबूल केला. जॉन चाइल्डला हाकलण्याची अटही होती, पण तो १६९० मध्ये त्याआधीच मेला. सिद्दी त्या वर्षी जूनमध्ये निघून गेला. मागे उरलं ते उजाड बेट, आणि पाठोपाठ प्लेग. त्या दुबळ्या काळात सिद्दीच्या माणसांनी पुन्हा हात मारला, तेव्हा रुस्तम दोराबजी या पारशी गृहस्थानं कोळ्यांना जमवून त्यांना परतवलं, असं परंपरा सांगते.

म्हणजे डाव वाचला तो दोन गोष्टींमुळे. मान खाली घालायची तयारी, आणि ज्यांना सोबत घेतलं होतं त्यांनी ऐन वेळी धरलेली वल्ही. विजयाच्या गोष्टीत या दोन्हींना फारशी जागा मिळत नाही.

आता चांगली जागा मिळालेल्या खेळाडूचं काय झालं ते बघू. साष्टीतली गावं पोर्तुगीज सरदारांत वाटलेली होती. ते वसईत किंवा गोव्यात राहत आणि खंड गोळा करत. धर्माच्या बाबतीत दडपण होतं. अखेर अणजूरचे गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांच्यासारखी स्थानिक माणसं पेशव्यांकडे गेली. १७३७ च्या वसंतात मराठ्यांनी ठाण्यावर चाल केली, तेव्हा पोर्तुगीजांचा तिथला नवा किल्ला बांधून पुरादेखील झालेला नव्हता. ठाणे पडलं आणि साष्टी हातची गेली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. दोनशे वर्षांची उत्तम जागा दोन वर्षांत संपली. मालाडहून निघालेली तक्रार तिच्या मुळाशी होती, हे आपण मालाडला गाडी बदलताना क्वचितच आठवतो.

त्या काळात मुंबईच्या इंग्रजांनी काय केलं? वसईच्या पोर्तुगीजांनी मदत मागितली, तर त्यांनी चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून घेऊन पंधरा हजार रुपये उसने दिले. वांद्र्याचा पोर्तुगीज किल्ला मराठ्यांच्या हाती पडला तर माहीमला धोका, म्हणून तो पाडून टाका असा सल्ला दिला. तो मानला गेला. लँड्स एंडला आज जे अवशेष आहेत, जिथे संध्याकाळी जोडपी फोटो काढतात, ते त्या सल्ल्यानंतरचे. आणि वसई पडल्यावर दोन महिन्यांत, १७३९ च्या जुलैत, कॅप्टन इंचबर्डनं चिमाजी आप्पांशी तह केला. वर घरच्या भिंतीबाहेर खंदक खणायला घेतला, त्यासाठी मुंबईच्या व्यापाऱ्यांनीही वर्गणी दिली. तो मराठ्यांच्या भीतीचा खंदक. तलवार म्यानात, पैसा व्याजाला, तह खिशात आणि खंदक दारात. दुबळ्या खेळाडूचा इतका थंड डोक्याचा डाव क्वचित बघायला मिळतो. त्यात शौर्य शोधू नये.

पस्तीस वर्षं इंग्रज थांबले. मग पुण्यात नारायणरावांच्या खुनानंतर गादीचा घोळ झाला, राघोबादादा आसरा शोधू लागले, आणि २८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. सुरतेचा तह, पुरंदरचा तह, मधली सगळी लढाई, आणि शेवटी १७८२ चा सालबाईचा तह. त्यात महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनं बाकी बरंच काही परत गेलं, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. चार्ल्सच्या लग्नात जे मागितलं होतं ते मिळवायला एकशे एकवीस वर्षं लागली.

त्यानंतरचा वेग मात्र वेगळाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीची खिंड हॉर्नबी वेलार्डनं बुजली. एकोणिसाव्याच्या सुरुवातीला शीवहून कुर्ल्याला जोडणारा बांध झाला. १८४५ मध्ये माहीम-वांद्रे रस्ता झाला, त्यासाठी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती याच साष्टीतून, आजच्या घाटकोपर, भांडुप, मुलुंडवरून. १८६७ मध्ये विरारहून गाडी सुरू झाली, तिच्या थांब्यांत बोरिवली, पहाडी म्हणजे आजचं गोरेगाव, आणि अंधेरी होतं.

आणि मग पाणी. गेममध्ये कोरड्या शहराला एक उपाय असतो: जलसेतू. जवळच्या डोंगरातून किंवा नदीतून पाणी आणायचं की अडलेला आकडा वर जातो. मुंबईची वस्ती १८५० च्या दशकात पाच लाखांपुढे गेली होती आणि विहिरी-तळी तीच. १८५४ च्या उन्हाळ्यात शहराला बाहेरून पाणी आणावं लागलं. हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरच्या योजनेनुसार १८५६ मध्ये साष्टीच्या डोंगरात विहार इथे नदी अडवायला सुरुवात झाली आणि १८६० मध्ये पाइपानं पाणी शहरात पोचलं. मग १८७९ मध्ये तुळशी. मग १८९१ च्या सुमारास पवई, पण ते पाणी पिण्याजोगं निघालं नाही. १८९२ मध्ये त्याहून लांबचं तानसा. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८,१६,५६२ माणसं मोजली गेली. तीनचा आकडा कायमचा मागे पडला.

विहारला अडवली ती मिठी नदी. ती माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावरून वाहते. वाहते म्हणायचं. तिचा उगम आता विहार आणि पवईच्या सांडव्यात आहे, म्हणजे तलाव भरून ओसंडले तरच ती नदी असते. बाकी वर्षभर तिच्यात जे वाहतं ते आमचं सांडपाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी मरोळ, कुर्ला, कलिना इथल्या घरांत शिरली, तेव्हा कित्येकांना ही नदी आहे हे पहिल्यांदा समजलं.

इथे मला खेळाडूची खुर्ची सोडून पटावर उतरावंसं वाटतं. 'सिव्हिलायझेशन'मध्ये शहराभोवती तीन घरांपर्यंतची जमीन शहर 'वापरू' शकतं. एखाद्या घरावर बोट ठेवलं की त्याचं उत्पन्न दिसतं: दोन अन्न, एक उत्पादन. त्या घराला नाव नसतं. तिथे कोणी राहतं का, त्यांना शहराबद्दल काय वाटतं, हे विचारायची सोय गेममध्ये नाही. मुंबईनं आपली वाईट जागा सुधारली ती साष्टीला असं घर करून. भात, मीठ, दगड, पाणी, आणि शेवटी माणसं. १९५० मध्ये पालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. तेव्हा कुठे ही गावं शहर झाली, तीही 'उप' लावून. मरोळ, कोंडिविटे, आंबोली ही गावठाणं अजून आहेत. दोन इमारतींमधल्या बोळात क्रॉस दिसतो, उतरत्या कौलांचं घर दिसतं. आपण कधीकाळी कोणाचं तरी केंद्र होतो याची ती खूण.

पण ही तक्रार इथेच थांबवता येत नाही, कारण आम्ही आता तळाच्या घरात राहिलो नाही. आज मुंबईला सात तलावांचं पाणी येतं. सात बेटं गेली, सात तलाव आले. त्यातले विहार आणि तुळशी हे दोनच उपनगरात, आणि त्यांचा वाटा अगदी किरकोळ. बाकीचे ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांत. मुलुंड, भांडुप, घाटकोपरमधून जाणाऱ्या त्या जाडजूड पाइपलाइनींतून जे येतं ते शहापूरकडचं पाणी, आणि शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघितली जाते, हे दर वर्षी मे महिन्यात बातम्यांत असतं. साष्टीचं जे झालं तेच आता शहापूरचं होतंय आणि या वेळी नळ आमच्या स्वयंपाकघरात आहे.

वाईट सुरुवातीवर मात करण्याच्या गोष्टी आपल्याला फार आवडतात. परीक्षेचे निकाल लागले की त्या पेपरभर असतात. चाळीतला, झोपडीतला, दिव्याखालचा. त्या खोट्या नसतात आणि मला त्यांतून धीरही मिळतो. मुंबईची गोष्ट त्याहून जास्त काही सांगते. नसलेल्या गोष्टींची भरपाई तिनं तीन प्रकारांनी केली. काही माणसांना विश्वास देऊन, काही गोष्टींसाठी वाट बघून, आणि काही शेजाऱ्याकडून घेऊन. पहिल्या दोन्हींबद्दल तिच्याकडून शिकावं. तिसऱ्याचा हिशोब गेम ठेवत नाही, कारण पाणी कुठून आलं ते पडद्यावर निळ्या रेघेनं दाखवलं की त्याचं काम संपतं.

माझ्या सध्याच्या डावात राजधानी समुद्राकाठी आहे आणि जवळपास नदी नाही. मी जलसेतूसाठी डोंगराला लागून असलेलं एक घर निवडलंय. तिथे आधीच भातशेतीसारखं काहीतरी हिरवं दिसतंय. बांधकामाला अकरा चाली लागतील.